मागच्या जाळीची बाजू

त्या संध्याकाळी मला काम एवढंच होतं, की जावयाला घरी घेऊन यायचं. यात भिण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. माणूस कामावर गेलाय, उशीर करतोय, त्याला हाताला धरून आणायचा. लेकीनं दारातच मला अडवलं, गळ्यात मफलर अडकवला आणि म्हणाली, "बाबा, आज यांना घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि वाटेत कुणाची टिंगल करत बसू नका."

"टिंगल? मी?"

"हो, तुम्हीच."

"बरं, मग नुसती जावयाची करतो."

ती हसली नाही. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, भिंतीला हात टेकून उभी होती. "घरी येतात, पण मन तिकडंच असतं," ती म्हणाली. "जेवताना आकडे पुटपुटतात. विचारलं तर म्हणतात, मागच्या जाळीपाशी उजेड जास्त येतोय. आता उजेड जास्त आला तर वाईट काय? पण काल मी म्हटलं, माझी वेळ कधीही येईल, तुम्ही जवळ राहा. तर माझ्याकडे बघितलं, बाबा... असं बघितलं, जसं काही मी अंधारात उभी आहे आणि मी त्यांना नीट दिसत नाहीये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं की माझ्यातला विदूषक गप्प बसतो. मी म्हटलं, "आणतो. कान धरून आणतो."

लोक घरजावई होतात, मी घरसासरा झालो. बायको गेली, मग लेक म्हणाली इकडेच या, आणि मी आलो. आयुष्यभर बस चालवली. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. मी घरी बसलेलो बरा, यावर मास्तरांचं आणि माझं एकमत होतं. जावई मात्र शिकलेला, शांत, सज्जन. एवढा सज्जन की त्याची चेष्टा केली तर तो 'धन्यवाद' म्हणतो. त्याचा धंदा दिव्यांचा. मैदानावर, कारखान्यात, रस्त्यावर दिवे कुठे लावायचे, किती उंच, कुठे वळवायचे, हे तो कागदावर आखतो आणि मग जागेवर उभा राहून लावून घेतो.

या खेपेला त्याला गोल्फच्या सरावाचं मैदान मिळालं होतं. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. एका टोकाला ओळीनं कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक शहाणा उभा राहतो, बादलीतून चेंडू काढतो, काठी फिरवतो आणि तो चेंडू समोरच्या लांबलचक गवतात मारून देतो. मारतो आणि विसरतो. गोळा दुसऱ्यानं करायचे. मैदानाच्या दोन्ही अंगांना आणि पार मागच्या टोकाला उंच खांब, आणि त्यांना वरपासून खालपर्यंत जाळी, म्हणजे उडालेला चेंडू बाहेर कुणाच्या टाळक्यात बसू नये. जाळी किती उंच हवी, कुठे ढिली सोडायची, कुठे ताणायची, ते जावयानंच आखलं होतं. दिवे सगळे कप्प्यांच्या मागे, छपराच्या वर, मैदानाकडे तोंड करून. म्हणजे मारणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाहीत आणि चेंडू आकाशात जाईपर्यंत दिसतो.

आणि गोळा करणारा तो दुसरा म्हणजे मी. जावयानं शब्द टाकला आणि मालकानं मला चेंडू वेचायच्या गाडीवर बसवलं. छोटी गाडी, पुढे फिरणाऱ्या चकत्या, त्यात चेंडू अडकून टोपलीत पडतात. आणि माझ्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा. पिंजरा का, तर ही गाडी मैदानात उतरली की कप्प्यातले सगळे शहाणे निशाणा सोडून तिलाच नेम धरून मारतात. जगात कुठेही जा, हेच. साहेब असो, डॉक्टर असो, गाडी दिसली की त्यांच्यातलं पोर जागं होतं. अजून उद्घाटन व्हायचं होतं, तरी मालकाचे दोस्त दुपारी हात साफ करायला येत आणि माझ्या पिंजऱ्यावर ठणाठण मारत. मी आतून जीभ काढून दाखवायचो. एकाच्या बादलीत मी उकडलेलं अंडं ठेवलं होतं. फटका मारल्यावर त्याच्या चष्म्यावर जे काही उडालं, ते आठवून मी अजून एकटा हसतो. तर माझी ख्याती ही अशी. त्या संध्याकाळी तीच नडली.

मी पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि थंडी उतरायला लागली होती. नव्या नायलॉनचा आणि ओल्या रंगाचा वास येत होता. दिवे नुकतेच पेटवले होते. दिवे नीट वळवायचे तर अंधार पडल्याशिवाय ते काम होत नाही, म्हणून जावई आणि वायरमन रोज दिवेलागणीला थांबत. वायरमन कप्प्यांमागच्या खोलीत बटणांपाशी होता. पायरीवर दोरखंडाचं वेटोळं मांडीवर घेऊन लंबू बसला होता. लंबू हा जाळी बांधणाऱ्या टोळीचा मुकादम. माझ्या खांद्यालाही लागत नाही, म्हणून नाव मीच ठेवलेलं.

"काय लंबू," मी म्हटलं, "मागच्या जाळीला बनियन उलटं घातलंस म्हणे?"

कारण तसंच झालं होतं. जाळी बांधायचा नियम अगदी सोपा. चेंडू ज्या बाजूनं येणार, खांबाच्या त्या बाजूला जाळी. म्हणजे चेंडूचा धक्का जाळीवाटे खांबावर जातो. उलट्या बाजूला बांधली तर सगळा ताण गाठींवर येतो आणि गाठी सुटत जातात. दोन्ही अंगांची जाळी टोळीनं आतून बांधली होती, बरोबर. मागची मात्र बाहेरून. जावयाचं त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

एरवी लंबूनं मला चार शिव्या हासडल्या असत्या. तो खाली बघत म्हणाला, "बरोबर बांधलीय, काका."

"अरे, तुझ्या टोळीतलं शेंबडं पोरही सांगेल..."

"बरोबर बांधलीय. आणि माझी माणसं आता तिकडं जाणार नाहीत. साहेबांना तेवढं सांगा."

"का? साप निघाला?"

"साप असता तर मारला असता." त्यानं वर पाहिलं. "तुमचे जावई तिकडंच आहेत. घेऊन या त्यांना. आणि काका... लवकर या."

मी गाडी काढली. मधल्या गवतावरून जाताना माझ्या पाठीशी सगळे दिवे, समोर लांब जाळी, आणि जाळीमागे काळोख. त्या बाजूला काहीच नव्हतं. पडीक उतार, काटेरी झुडपं, दगड, आणि खाली कोरडा ओढा. उद्या तिथे घरं होतील म्हणून मालकानं जाळी घ्यायला लावली, नाहीतर तिकडं चेंडू गेला तरी अडलं नसतं कुणाचं.

जावई जाळीजवळ पाठमोरा उभा होता. एका हातात उजेड मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. मी गाडी थांबवली, पिंजऱ्याचं दार उघडून उतरलो.

"चला जावईबापू. तुमच्या बायकोनं वॉरंट काढलंय."

"बाबा, इकडे या. हे बघा." त्यानं यंत्र माझ्यापुढे धरलं. "आपल्या दिव्यांपासून लांब गेलं की आकडा उतरत जायला पाहिजे ना? इथपर्यंत उतरतो. आणि इथून जाळीकडे गेलं की परत चढतो."

"जाळी नवी आहे, चमकत असेल."

"काळी आहे, बाबा."

"मग यंत्र प्यायलेलं असेल."

"दुसरं आणून पाहिलं. तेही हेच सांगतं." तो हसला, पण दमल्यासारखा. दाढी वाढली होती. "उद्या तपासणीला येतायत. त्यांनी विचारलं की हा उजेड कुठून, तर काय सांगू?" त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "सगळे घालव रे एकदा."

वायरमननं बटणं पाडली. आधी डाव्या अंगाचे दिवे गेले, मग मधले, मग उजवे, आणि अंधार असा अंगावर आला, जसं कुणी घोंगडं टाकावं. डोळे सवयीला येईपर्यंत मला माझा हात दिसेना. दिसत होता तो यंत्रावरचा आकडा, हिरवट, बारीक. तो शून्यावर यायला हवा होता. तो होता तिथंच राहिला, आणि मग हळूच एकानं वर सरकला.

"बघितलं?" जावई कुजबुजला.

मी जाळीकडे पाहिलं. काहीही नव्हतं. दिवा नाही, चंद्र नाही, लांबची खिडकीसुद्धा नाही. मिट्ट काळोख, आणि त्या काळोखातून एक वास यायला लागला. ताज्या कापलेल्या गवताचा, पाणी मारलेल्या गवताचा. त्या बाजूला, जिथे नुसते काटे आणि दगड होते.

तेवढ्यात लांबून, उताराच्या खालून आवाज आला.

ठक.

तो आवाज ओळखायला मला शिकावं लागलं नाही. रोज ऐकत होतो. काठीचा चेंडूला बसलेला, स्वच्छ, कोरडा. मग शिट्टीसारखी बारीक शीळ, जवळ येत गेलेली. आणि आमच्यापासून हातभर अंतरावर जाळी आमच्या बाजूला फुगली. फुगली, थरथरली, परत जागेवर गेली. पलीकडे काहीतरी खाली पडलं. धप्प.

जावई एकदम मोठ्यानं हसला. "बाबा! काय हे! मी खरंच घाबरलो हो! कुणाला उभं केलंय पलीकडे? लंबूला?"

"लंबू तिकडं पायरीवर बसलाय. मी नाही..."

"अंड्यानंतर मला वाटलंच होतं, पुढचा नंबर माझा." त्याचा आवाज असा हलका झाला होता, किती दिवसांनी. सुटल्यासारखा. "म्हणजे दिवाही तुम्हीच लपवलाय तिकडे कुठेतरी. एवढे दिवस माझं डोकं खाल्लंत! थांबा, आता बघतोच."

मी आयुष्यात इतक्यांदा 'मी नाही, मी नाही' म्हटलंय की त्याला आता कवडीचीही किंमत उरली नव्हती. बाहेरचं गवत छाटायला जाता यावं म्हणून मागच्या जाळीत एक फट ठेवली होती, दोरीनं ओवून बंद केलेली. तो तिच्याकडे गेला आणि अंधारात चाचपत दोरी सोडवायला लागला. मी त्याच्या दंडाला धरलं. ठक. शीळ. जाळी फुगली, यावेळी माझ्या तोंडासमोर.

"जावईबापू, लेकराची शपथ घेऊन सांगतो, मी काही केलेलं नाही."

"हो हो," तो म्हणाला, दंड सोडवला, वॉकीटॉकी माझ्या हातात कोंबली आणि वाकून बाहेर गेला.

वॉकीटॉकी खरखरली. वायरमनची घेऊन लंबू बोलत होता. "साहेब... साहेब, जाळी उघडू नका."

"लंबू," मी म्हटलं, "तो गेला बाहेर."

 लंबू म्हणाला, "काका, आम्ही बांधत होतो तेव्हा रोज संध्याकाळी यायचे. एक माझ्या माणसाच्या खांद्याला लागला. म्हणून... ज्या बाजूनं चेंडू येतात, त्या बाजूनं बांधली. बरोबर बांधलीय."

मी फटीला कान लावला.

बाहेर जावयाची पावलं ऐकू यायला हवी होती. दगड होते, वाळकी झुडपं होती, माणूस चालला तर करकर व्हायला हवी. काही नाही. मऊ गवतावरून कुणी जावं तसं. फक्त त्याचा आवाज येत होता, आकडे वाचणारा, आणि तो लांब लांब चालला होता.

"चाळीस, बाबा... पंचेचाळीस... कमाल आहे... साठ."

"परत या! पोरगी वाट बघतेय!"

"एक मिनिट. अहो, हे बघायला पाहिजे तुम्ही. मी इतकी वर्षं हेच करायचा प्रयत्न करतोय. कितीही दिवे लावा, मध्ये कुठेतरी भोक पडतं, कुठेतरी डोळ्याला टोचतं. इथे... इथे भोकच नाही. सगळीकडे सारखा. दिवे कुठे आहेत तेच दिसत नाहीत. कुणीतरी फार चांगलं काम केलंय, बाबा... फार चांगलं..."

तो असा बोलत होता जसं देखणं मूल बघून कुणी बोलावं. आणि मी जाळीतून डोळे फाडून बघत होतो त्या उतारावर, आणि मला माझ्या जावयाची आकृतीसुद्धा दिसत नव्हती.

मी वॉकीटॉकीत ओरडलो, "दिवे लाव! सगळे लाव! जेवढे आहेत तेवढे!"

पाठीमागे खटाखट दिवे पेटले. मैदान उजळून निघालं, गवताची पात अन् पात मोजावी असं. जाळी उजळली. जाळीपलीकडे हातभर उजेड गेला आणि तिथं कापल्यासारखा संपला. आणि खालून, शांतपणे, जावयाचा आवाज आला.

"बाबा? तुमच्या बाजूचे दिवे का घालवलेत?"

मी मागे वळून दिवे मोजले, सगळे पेटलेले होते.  

"एकदम काळोख झालाय तिकडे. राहू द्या, मला घाई नाही. इथे थोडा वेळ बसतो. माणसंही दिसतायत पुढे. विचारतो त्यांना, कुणी आखलंय म्हणून."

माणसं दिसतायत म्हटल्यावर माझे पाय हलले. मी काय केलं ते सांगतो, आणि यात शौर्यबिर्य काही नाही. मी पळून गाडीत जाऊन बसलो आणि पिंजऱ्याचं दार लावून घेतलं. पण गाडी सुरू केल्याबरोबर एक गोष्ट झाली. आत्तापर्यंत चेंडू इकडे तिकडे लागत होते. आता ठक झालं आणि जाळी बरोबर गाडीसमोर फुगली. मी गाडी पुढे घेतली. ठक. परत गाडीसमोर. मागे घेतली. ठक ठक ठक, एका पाठोपाठ एक, कितीतरी काठ्या, आणि जाळी माझ्याबरोबर सरकत फुगत आली. तिकडे जे कोण होते त्यांना गाडी दिसली होती. आणि गाडी दिसली की कप्प्यातले सगळे काय करतात, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

तेव्हा मला सुचलं. हे माझ्याकडे बघतायत तोवर जावयाकडे बघणार नाहीत. मी गाडी फटीपासून दूर, कोपऱ्याच्या खांबापर्यंत नेली. हॉर्न वाजवला. गाडी अशी वेडीवाकडी फिरवली जशी बस फिरवली असती तर नोकरी गेली असती. चेंडू माझ्या मागे आले, जाळीला गारांसारखे लागत होते, वरच्या गाठी करकरत होत्या. पण बाहेरून बांधली होती म्हणून धरून होती.

आता त्याला वळवायचं कसं? विनवणी करून झाली होती. मग मला जे येतं तेच केलं. पिंजऱ्यातून जीव खाऊन खोटं बोललो.

"जावईबापू! फोन आला! पोरीला कळा सुरू झाल्या!"

काठ्या एकदम थांबल्या. सगळं चिडीचूप झालं. तिकडचेही ऐकत होते, असं मला वाटलं, आणि त्या शांततेपेक्षा चेंडू बरे होते.

"काय?" जावयाचा आवाज. बदललेला. झोपेतून उठल्यासारखा. "काय म्हणालात?"

"कळा! बाप होताय तुम्ही! या की लवकर!"

"आलो... आलो, बाबा. पण मला काही दिसत नाहीये. तुमच्याकडे काळोख आहे. फट कुठेय?"

मी सगळ्या दिव्यांच्या उजेडात, आणि त्याला मी दिसत नव्हतो. म्हटलं ठीक आहे, डोळे नाहीत तर कान आहेत. गाडी तिथंच कोपऱ्यात चालू ठेवली, हॉर्नच्या बटणात घरच्या किल्ल्यांचा जुडगा खुपसला, म्हणजे ती तिथं बोंबलत राहावी, आणि पिंजऱ्यातून उतरून वाकत वाकत फटीपाशी धावलो. कोपऱ्यात गाडीवर ठकठक परत सुरू झाली, आणि मी तोंड सुरू केलं.

"माझ्या आवाजाच्या रोखानं या! ऐकताय ना? लग्नात तुमचा फेटा डोळ्यांवर आला होता तसेच चालताय! डावीकडे! आयुष्यात एकदा तरी सासऱ्याचं ऐका! गेल्या महिन्यात पोळी भाजताना चटका बसला म्हणून रडलात, मी कुणाला सांगितलं का? सगळ्या गल्लीला सांगितलं! चिडा, चिडा माझ्यावर, पण चालत राहा!"

"बाबा, गप्प बसा हो..." आवाज जवळ आला होता.

"गप्प बसलो तर हरवाल! घोरता तुम्ही! पोरगी म्हणते, ट्रक आल्यासारखं वाटतं!"

ठक.

एकच काठी. बाकीचे गाडीलाच मारत होते, पण त्यातल्या एकाला माझं तोंड कुठे आहे ते कळलं होतं. शीळ माझ्या कानाशी आली आणि माझ्या नाकासमोर जाळी फुगली, नायलॉन गालाला चाटून गेलं. मी बोलत राहिलो. काय बोललो ते मला आता आठवत नाही, त्याच्या आईबद्दलही काहीतरी बोललो असेन. आणि मग जाळीपलीकडे, फटीच्या दोन पावलं बाजूला, एक हात आला. बोटं पसरलेली, आंधळ्यासारखी जाळी चाचपत निघालेली. चुकीच्या बाजूला निघालेली. मी फटीतून कमरेइतका बाहेर वाकलो आणि त्याची कॉलर पकडली.

त्याला आत ओढला तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते, तोंड दिव्यांकडे होतं, आणि पापणी लवत नव्हती. "किती काळोख आहे इथे," तो म्हणाला. मी फटीत दोरी ओवली, गाठीवर गाठ मारली. बाहेर ठकठक हळूहळू विरळ झाली, जशी संध्याकाळी कप्पे रिकामे होताना होते. शेवटचा एक चेंडू लांब कुठेतरी पडला. कापलेल्या गवताचा वास गेला आणि मला दगडांचा, धुळीचा वास आला. तो वास मला इतका आवडेल असं कधी वाटलं नव्हतं.

गाडीत बसवून आणताना कप्प्यांजवळ त्याला दिसायला लागलं. डोळे चोळून म्हणाला, "किती वाजले? चला, दवाखान्यात..."

लेक दारात उभी होती. कळाबिळा काही नाही, हातात भात ढवळायचा चमचा. मी खोटं बोललो होतो हे कळल्यावर जावयानं माझ्याशी चार दिवस अबोला धरला. अबोल्यातही भाजी वाढायला विसरला नाही, एवढा सज्जन. पलीकडचं त्याला काहीच आठवत नव्हतं. म्हणाला, तुमच्या चेष्टेपायी उतारावर ठेचकाळलो. मी म्हटलं, हो, माझीच चेष्टा. कधी नव्हे ते दुसऱ्याची चेष्टा माझ्या नावावर घेतली.

तपासणी झाली. मागची जाळी बाहेरून का, असं कुणी विचारलं नाही. मी गाडीची किल्ली मालकाला देऊन टाकली. जावयाला शहराच्या दुसऱ्या टोकाला कारखान्याचं काम मिळालं. आकडे पुटपुटणं थांबलं. मुलगी झाली, आणि तो बायकोजवळ होता, हात धरून. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आणलंत हं त्यांना." मला वाटलं, आणला. कान धरून आणला.

परवा संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. सगळ्या घरांतून एकदम 'अरे' झालं. लेक बाळाला घेऊन आत होती, मी भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत आलो. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. जावई खुर्चीत बसला होता, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. तो पेपर वाचत होता, मोठ्यानं, आतल्या बायकोला ऐकू जावा म्हणून. कुठेतरी पूल बांधतायत त्याची बातमी. अडखळत नव्हता. मध्येच पान उलटल्याची सळसळ झाली आणि पुढच्या पानावरून वाक्य पुढे चालू झालं.

मला हसू आलं. म्हटलं, शेवटी जावई माझ्याकडून काहीतरी शिकला. पाठ करून ठेवलंय आणि आता मला बनवतोय. मी खिशातून माझ्या गोळ्यांची पट्टी काढली, जिच्यावरची बारीक अक्षरं मला भर दुपारी चष्मा लावून दिसत नाहीत, आणि आवाजाच्या रोखानं पुढे धरली. "हे वाचा बघू, जावईबापू."

त्यानं पट्टी घेतली. लागलीच घेतली, चाचपडला नाही. औषधाचं नाव वाचलं, कुणी बनवलं ते वाचलं, कुठे ठेवायचं ते वाचलं. मग थांबला.

"बाबा," तो म्हणाला, नेहमीसारखा, मऊ आवाजात, "जरा सरकता का? तुमची सावली पडतेय."

मी सरकलो. पण कुठल्या बाजूला सरकायचं, ते मला कळलं नव्हतं.